लॉगमध्ये पडलेली एक ओळ

सर्व्हरवर चालणारं कुठलंही ॲप्लिकेशन घ्या, ते दिवसभर एक काम न चुकता करत असतं, ते म्हणजे नोंदी ठेवणं. कोण आलं, काय मागितलं, कुठे अडलं, हे सगळं ते लिहून ठेवतं. याला आम्ही लॉग म्हणतो. लॉग लिहिण्याइतकं निरुपद्रवी काम दुसरं नसेल, असं २०२१च्या डिसेंबरपर्यंत मलाही वाटायचं.

त्या महिन्यात जगभरच्या लॉगिनच्या चौकटींत, शोधपट्ट्यांत, चॅटच्या खिडक्यांत एक विचित्र ओळ येऊन पडायला लागली. आधी डॉलरचं चिन्ह, मग महिरपी कंस, त्यात ‘जेएनडीआय’ आणि ‘एलडॅप’ हे दोन शब्द आणि पुढे हल्लेखोराच्या स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता. समजा कोणी हे युजरनेम म्हणून टाकलं. असा युजर नाही, म्हणून ॲप्लिकेशनने लॉगिन नाकारलं आणि ‘या नावाने लॉगिन फसलं’ अशी नोंद केली. पण ती नोंद करता करताच ते त्या पत्त्यावर गेलं, तिथून आलेला कोड उतरवून घेतला आणि चालवला. दारातून परत पाठवलेल्या माणसाचं नाव वहीत लिहीत असताना घर त्याच्या ताब्यात जावं, तसा हा प्रकार.

ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने इथे काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. चूक होती लॉगफोरजे नावाच्या लायब्ररीत, आणि ती लायब्ररी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या संस्थेत कुठे ना कुठे होती.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपल्याला आयता वापरता येणारा कोड. तारीख वाचणं, फाइल दाबून लहान करणं, डेटाबेसशी बोलणं, एन्क्रिप्शन करणं ही कामं प्रत्येकाने पहिल्यापासून लिहायची म्हटली तर कुठलंच सॉफ्टवेअर पुरं होणार नाही. शिवाय एन्क्रिप्शनसारखी गोष्ट स्वतः लिहायला जाणं हाच मोठा धोका आहे. त्यामुळे ‘बाहेरचा कोड वापरूच नका’ हा सल्ला देणाऱ्याने प्रत्यक्ष काम केलेलं नसतं, असं मी बेधडक म्हणेन. आपण वापरतो, वापरणारच. प्रश्न आहे तो आपल्या हाती नेमकं काय आलंय, हे माहीत असण्याचा.

आणि तिथेच गाडी अडते. माझ्या रोजच्या कामातला एक प्रकल्प सांगतो. त्याच्या बिल्ड फाइलमध्ये, म्हणजे प्रकल्प कसा बांधायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये, आम्ही स्वतः लिहिलेली लायब्ररींची नावं बावीस आहेत. मेव्हन या जावाचे प्रकल्प बांधणाऱ्या टूलला ‘डिपेंडन्सी ट्री छाप’ (कोणाला कोण लागतं ते दाखव) म्हटलं की मात्र स्क्रीन सरकतच राहते. प्रत्येक नावाखाली जरा आत सरकवलेली आणखी नावं, त्यांच्याखाली आणखी आत सरकवलेली. आम्ही एक वेब फ्रेमवर्क (वेब ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा) मागितला, त्याला जेसन या स्वरूपातली माहिती वाचणारी लायब्ररी लागते, तिला आणखी दोन लागतात. बावीस नावं आम्ही निवडली. खालची पावणेदोनशे त्यांच्या मागोमाग आली. ही मागोमाग आलेली मंडळी म्हणजे अप्रत्यक्ष डिपेंडन्सी. त्यांची निवड आमच्यापैकी कोणी कधी केलेली नाही, त्यांची नावंही कोणाला पाठ नाहीत.

पण चालताना हा सगळा कोड एकाच प्रोसेसमध्ये चालतो. आपला कोड आणि सातव्या पातळीवरून आलेला कोड यांच्यात सहसा भिंत नसते. ॲप्लिकेशनला डेटाबेसचा पासवर्ड वाचता येतो, तर त्या लायब्ररीलाही येतो. ॲप्लिकेशन फाइल पुसू शकतं, तर तीही पुसू शकते. म्हणून लायब्ररीतली त्रुटी ही ‘त्यांची’ त्रुटी राहत नाही. ज्या क्षणी ती आपल्या सर्व्हरवर गेली, त्या क्षणी ती आपली झाली.

लॉगफोरजेमध्ये नेमकं काय होतं ते थोडं उलगडून सांगतो, कारण अशा त्रुटी कशा जन्माला येतात हे त्यातून स्वच्छ दिसतं. तो साधा टायपिंगचा घोळ नव्हता. ती एक सोय होती. नोंदीच्या मजकुरात डॉलर आणि महिरपी कंसात एखादा संकेत लिहिला की लायब्ररी त्याच्या जागी खरी माहिती भरायची, जसं की जावाची व्हर्जन किंवा एखादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सर्व्हरवर ठेवलेलं सेटिंग, ज्यात कधी गुप्त किल्लीही असते. २०१३ साली त्यात जेएनडीआयची भर पडली. जेएनडीआय ही जावामधली जुनी व्यवस्था. नाव दिलं की ती डिरेक्टरीतून वस्तू शोधून आणते, आणि ती डिरेक्टरी दूरच्या सर्व्हरवरही असू शकते. एलडॅप ही अशा डिरेक्टरीशी बोलायची एक पद्धत. संकेत भरणं, जेएनडीआय आणि दूरची डिरेक्टरी या तिन्ही गोष्टी एकेकट्या पाहिल्या तर कोणाच्या तरी उपयोगाच्याच होत्या. पण लॉगमध्ये जाणारा मजकूर बऱ्याचदा अनोळखी माणसाने टाइप केलेला असतो. त्या मजकुरातले संकेतही लायब्ररी आज्ञा म्हणून पाळायची. माहिती आणि आज्ञा यांच्यातली रेघ पुसली गेली की काय होतं, हे एसक्यूएल इंजेक्शनच्या, म्हणजे फॉर्ममध्ये टाइप केलेला मजकूर डेटाबेसने आज्ञा म्हणून चालवण्याच्या, काळापासून या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आठ वर्षं हे भोक उघडं राहिलं, कारण लॉगच्या कोडकडे त्या नजरेने कोणी पाहिलंच नव्हतं.

जावाच्या नव्या व्हर्जन दुरून आलेला क्लास (जावाच्या कोडचा तुकडा) सरळ चालवू देत नव्हत्या, म्हणून काही जण सुरुवातीला निर्धास्त होते. पण हल्लेखोर त्याच ओळीत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा संकेत पत्त्याचा भाग म्हणून घालू शकत होता. मग सर्व्हर तो पत्ता शोधायला जाताना स्वतःची गुप्त किल्ली डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) विनंतीतून बाहेर सांगून मोकळा व्हायचा. शिवाय ॲप्लिकेशनमध्ये आधीपासून असलेल्या इतर लायब्ररींचे क्लास वापरून कोड चालवण्याचे मार्गही होते.

अलीबाबा क्लाउडच्या सुरक्षा पथकातल्या एका संशोधकाने २४ नोव्हेंबर २०२१ ला ही त्रुटी लॉगफोरजे सांभाळणाऱ्या अपाचे फाउंडेशनला खासगीत कळवली. ती सगळ्यांसमोर आली ९-१० डिसेंबरला. तिला सीव्हीई-२०२१-४४२२८ हा क्रमांक मिळाला आणि तीव्रतेच्या मापनात दहापैकी दहा गुण. सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटींची सार्वजनिक नोंदवही, १९९९ पासून चालू असलेली. त्रुटी कुठल्याही सॉफ्टवेअरची असो, जगभर सगळे तिला त्या एकाच क्रमांकाने ओळखतात.

१० डिसेंबर हा शुक्रवार होता. आमच्या गटात पहिला प्रश्न आला: ‘आपल्याकडे आहे का?’ आणि पाचही जण गप्प. मी ग्रेप ही शब्द शोधणारी आज्ञा चालवली, आमच्या कोडमध्ये लॉगफोरजे हा शब्द कुठेच नाही. अर्धा तास आम्ही सुटकेचा श्वास टाकला. मग एकीने, जी आमच्यात सगळ्यांत नवी होती, विचारलं, ‘सर्च इंजिनचा जो सर्व्हर आपण तयार घेतलाय, तो जावात नाही का लिहिलेला?’ होता. त्याच्या पोटात लॉगफोरजे होतं. मग एका रिपोर्ट बनवणाऱ्या टूलमध्ये सापडलं, पण तिथे एका जार फाइलच्या (जावाचा कोड बांधून ठेवलेल्या गठ्ठ्याच्या) आत दुसरी जार आणि तिच्या आत हे, तेही नाव बदलून बांधलेलं. फाइलच्या नावावरून शोधणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं. आतल्या क्लासच्या फाइली उघडून पाहाव्या लागल्या.

त्या शनिवार-रविवारी दुरुस्तीला आमचा वेळ फारसा गेला नाही. व्हर्जनचा आकडा बदलायचा, बिल्ड करायचं, टेस्ट चालवायच्या, डिप्लॉय करायचं, म्हणजे सर्व्हरवर चढवायचं. वेळ गेला तो शोधण्यात. गूगलच्या संशोधकांनी तेव्हा मेव्हनच्या मुख्य भांडारातली पॅकेजेस तपासली, तर बहुतेकांमध्ये ही लायब्ररी थेट नव्हती, दुसऱ्या कोणामार्फत आलेली होती. काही ठिकाणी तर नऊ पातळ्या खोल. खोल असली की दुरुस्तीही अवघड होते, कारण मधल्या प्रत्येक लायब्ररीने आपापली नवी व्हर्जन काढेपर्यंत थांबायचं, नाहीतर जबरदस्तीने खालची व्हर्जन बदलून काही मोडत नाही ना ते पाहायचं.

आणि एवढं करून संपलं नाही. २.१५.० आली, मग ती पुरेशी नाही म्हणून २.१६.०, मग सर्व्हर ठप्प पाडणारी आणखी एक त्रुटी निघाली म्हणून २.१७.०, आणि महिना संपायच्या आत २.१७.१. ज्यांच्याकडे नवी व्हर्जन प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरतात त्या सर्व्हरवर, नेणं ही रोजची सवय होती, त्यांनी चारही वेळा ते तासाभरात केलं. ज्यांच्याकडे प्रत्येक डिप्लॉय म्हणजे रात्रभराचं जागरण होतं, त्यांचे फार हाल झाले.

सगळ्याच घटना अशा अचानक येत नाहीत. उलट जास्त नुकसान होतं ते जुन्या, जाहीर झालेल्या, पॅच (दुरुस्ती) उपलब्ध असलेल्या त्रुटींमुळे. इक्विफॅक्स ही अमेरिकेतली कर्ज-इतिहास सांभाळणारी कंपनी. अपाचे स्ट्रट्स या वेब फ्रेमवर्कमधली एक गंभीर त्रुटी मार्च २०१७ मध्ये जाहीर झाली, पॅचही लगेच मिळाला. इक्विफॅक्समध्ये दोनच दिवसांत ‘४८ तासांत पॅच करा’ असा मेल फिरला. पण ज्यांना तो जायचा त्यांची यादी जुनी होती, आणि ज्यांच्या हातात ते काम होतं त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. मग स्कॅन केले गेले, त्यात तक्रारी नोंदवण्याच्या पोर्टलमधलं स्ट्रट्स सापडलं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मे ते जुलै असे ७६ दिवस हल्लेखोर आत होते. जाणाऱ्या-येणाऱ्या डेटावर नजर ठेवणाऱ्या यंत्राचं सर्टिफिकेट (एन्क्रिप्टेड जोडणीसाठी लागणारं डिजिटल ओळखपत्र) कित्येक महिन्यांपूर्वी संपलेलं होतं, म्हणून त्याला काही दिसत नव्हतं. ते नवं बसवल्यावर लगेच संशयास्पद हालचाल दिसली. तोवर सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली होती.

मला या घटनेत सगळ्यांत अस्वस्थ करते ती ती जुनी यादी. तंत्रज्ञान चांगलं होतं, पॅच होता, इशाराही वेळेवर आला. ‘हे सॉफ्टवेअर कुठे चालतं आणि त्याचा मालक कोण’ एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर चुकीचं होतं.

हार्टब्लीड या त्रुटीची गोष्ट वेगळी. ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी; ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हामागे अनेक सर्व्हरवर तीच असते. तिच्यात जोडणी जिवंत आहे का हे विचारायची एक पद्धत होती: मी एक शब्द पाठवतो, त्याची लांबी सांगतो, तू तोच परत पाठव. चार अक्षरं पाठवून ‘ही चौसष्ट हजार आहेत’ असं सांगितलं, तर सर्व्हर खातरजमा न करता मेमरीतून तेवढा मजकूर उचलून परत द्यायचा. त्या मजकुरात पासवर्ड असू शकत, सर्व्हरची खासगी किल्लीसुद्धा असू शके. एका वेळी ६४ केबी, कितीही वेळा, आणि लॉगमध्ये काही खूण नाही. ही चूक २०१२ च्या व्हर्जनमध्ये शिरली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. तिथे नुसता पॅच लावून भागत नव्हतं. किल्ली आधीच चोरीला गेली असेल तर सर्टिफिकेटही बदलायला हवं होतं, आणि ते करायचं अनेकांच्या ध्यानातच आलं नाही. त्याच वेळी हेही कळलं की ज्या प्रकल्पावर निम्मं इंटरनेट विसंबून होतं, त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या दोन हजार डॉलरच्या आसपास होत्या.

हा पैशाचा आणि माणसांचा प्रश्न बाजूला ठेवून सुरक्षेवर बोलता येत नाही. एक्सझेड हे फाइल दाबण्याचं टूल आणि त्याची लायब्ररी एक माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकलेला होता, तसं त्याने सांगितलंही होतं. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी २०२१ पासून मदत करायला लागलं. दुसऱ्या काही खात्यांवरून ‘कामं रखडतात, आणखी माणूस घ्या’ असा तगादा सुरू झाला. हळूहळू जिया टॅनच्या हाती कारभार आला, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा बसवला गेला. तो टेस्टसाठीच्या म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींमध्ये दडवलेला होता, आणि त्याला जागं करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सार्वजनिक भांडारात, नव्हतीच, फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होती. म्हणजे भांडारातला कोड ओळ न ओळ वाचणाऱ्यालाही पूर्ण चित्र दिसलं नसतं. तेव्हा काही लिनक्समध्ये एसएसएच सर्व्हर (दुरून मशीनमध्ये लॉगिन करू देणारा), अप्रत्यक्षपणे, हीच लायब्ररी आत घ्यायचा.

ते पकडलं गेलं कारण आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या मशीनवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता, आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. २९ मार्च २०२४ ला त्याने ते जाहीर केलं, तेव्हा त्या व्हर्जन बहुतेक ठिकाणी अजून चाचणीच्या शाखांमध्येच होत्या.

इथे दोन सल्ले एकमेकांना छेद देतात. इक्विफॅक्स सांगते की अपडेट लवकर करा. एक्सझेड सांगते की नवी व्हर्जनच विषारी असू शकते. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या लायब्ररींच्या भांडारातल्या इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजचं २०१८ मध्ये असंच झालं. मूळ लेखकाने कारभार एका अनोळखी इच्छुकाला दिला आणि त्याने बिटकॉइनच्या एका वॉलेटवर नेम धरून कोड घुसवला. मी जी पद्धत वापरतो ती अशी: लॉकफाइल (प्रत्येक लायब्ररीची नेमकी व्हर्जन लिहिलेली फाइल) ठेवायचीच, म्हणजे बिल्डमध्ये काल जे होतं तेच आज येतं, कोणी गुपचूप काही सरकवू शकत नाही. नेहमीच्या अपडेट आठवडाभर थांबून घ्यायच्या. विषारी व्हर्जन बऱ्याचदा काही दिवसांतच उघडी पडते. सुरक्षेचा म्हणून जाहीर झालेला पॅच मात्र त्याच दिवशी. एका नियमात दोन्ही बसत नाहीत.

स्कॅनर जरूर लावावा. एनपीएम ऑडिट, डिपेंडाबॉट, ओवॅस्पचं डिपेंडन्सी-चेक ही टूल्स प्रकल्पात कुठल्या लायब्ररी आहेत ते वाचतात आणि ज्ञात सीव्हीईशी ताडून पाहतात. पण पहिल्यांदा लावल्यावर ती दोनशे इशारे दाखवतात आणि माणूस हातपाय गाळून बसतो. तीव्रतेच्या गुणांनुसार वरून खाली जाणं मला पटत नाही. आधी पाहावं की ही त्रुटी प्रत्यक्षात कोणी वापरतंय का. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सिसा अशा ‘वापरात असलेल्या’ त्रुटींची यादी चालवते, त्यात नाव दिसलं तर बाकी सगळं थांबवावं. मग पाहावं की दोषी फंक्शनपर्यंत बाहेरचा मजकूर आपल्या ॲप्लिकेशनमधून पोचतो का. फक्त टेस्ट चालवताना लागणाऱ्या लायब्ररीतला नऊ गुणांचा इशारा थांबू शकतो. इंटरनेटवरून येणारी फाइल उघडणाऱ्या लायब्ररीतला सहाचा थांबू शकत नाही.

एक उपाय मला नेहमी दुर्लक्षित वाटतो. सर्व्हरला बाहेर जाऊ देऊ नका. बहुतेक ॲप्लिकेशनना डेटाबेस, दोन-चार ठरलेल्या सेवा, एवढ्यांशीच बोलायचं असतं. बाहेर जाणारा रस्ता फायरवॉलने तेवढाच ठेवला असता, तर डिसेंबर २०२१ मध्ये ती ओळ लॉगमध्ये पडूनही बऱ्याच सर्व्हरना हल्लेखोराचा पत्ता गाठता आला नसता. डीएनएसची फट उरली असती, हे खरं. पण जी त्रुटी अजून कोणालाच माहीत नाही, तिच्याविरुद्ध पॅच मिळूच शकत नाही. तिथे अशी कुंपणंच कामाला येतात.

आणि यादी. तिला एसबॉम म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये काय काय घातलंय त्याचा तपशील. सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स या ठरलेल्या स्वरूपात ती प्रत्येक बिल्डबरोबर आपोआप तयार करता येते. ती हाताने लिहायची नसते आणि वर्षातून एकदा करायचीही नसते. प्रत्येक बिल्डची यादी साठवा, कुठली बिल्ड कुठल्या सर्व्हरवर आहे ते साठवा, आणि शेजारी त्या सर्व्हरला जबाबदार माणसाचं आजचं नाव. मग ‘आपल्याकडे आहे का?’ या प्रश्नाला दोन दिवसांऐवजी दोन मिनिटं लागतात.

आमची पहिली यादी त्या शनिवारी एका स्प्रेडशीटमध्ये झाली. सर्व्हरचं नाव, जार कुठे सापडली, व्हर्जन, कोणी पाहिलं. रविवारी रात्री आम्ही ‘झालं’ म्हणून झोपायला गेलो. पुढच्या मार्चमध्ये जुन्या मशीन बंद करताना एक सर्व्हर सापडला, जो दोन वर्षांपूर्वीच बंद झालाय असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो चालू होता. बाहेरून पोचता येत होता. त्याच्यावर लॉगफोरजे २.११ होतं, आणि स्प्रेडशीटमध्ये त्याची ओळच नव्हती. आम्ही आधी त्याचे लॉग उघडले. डॉलर आणि महिरपी कंसाने सुरू होणाऱ्या ओळी त्यात ११ डिसेंबरपासून होत्या. ते मशीन आम्ही पॅच केलं नाही. नेटवर्कपासून तोडलं, डिस्कची प्रत तपासणीला दिली आणि त्यावर असलेला प्रत्येक पासवर्ड, प्रत्येक किल्ली त्याच दुपारी बदलायला घेतली.